एडमंटनला निघण्याआधी जानेवारीचा हिशोब मांडा

दर थोड्या दिवसांनी मला एकसारखाच फोन येतो. कॅनडातल्या टोरांटोच्या आसपासहून, म्हणजे ओंटारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनहून, मिसिसागाहून, कधी स्कारबरोहून. "ताई, इथलं भाडं आता झेपत नाही. एडमंटनला यायचं म्हणतोय. थंडी सोसेल ना?" आम्ही स्वतः २०१६ साली ब्रॅम्प्टन सोडून इथे, अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनला आलो, मूळचे नाशिकचे. त्यामुळे हा प्रश्न मला परका नाही. थंडी सोसते, हे मी सगळ्यांना सांगते. पण नुसता भाड्यातला फरक बघून कुणी सामान बांधायला घेतलं की मला काळजी वाटते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

२०२२मध्ये अल्बर्टा सरकारने टोरांटो आणि व्हँकुव्हरमध्ये 'अल्बर्टा इज कॉलिंग' अशी जाहिरात मोहीम चालवली. घरं स्वस्त, कर कमी, पगार चांगले, असा तिचा सूर होता. त्यात खोटं काही नव्हतं. मात्र ते गणित कुणाला लागू पडतं आणि कुणाला नाही, हे प्रत्येकाने आपल्या घरापुरतं तपासायला हवं.

आधी पगार. ऑक्टोबर २०२५ पासून ओंटारिओत किमान वेतन तासाला १७ डॉलर ६० सेंट आहे. अल्बर्टात ते २०१८ पासून १५ डॉलरवरच आहे. आठवड्याला ४० तास काम धरलं तर माणशी महिन्याला साधारण ४५० डॉलरचा फरक पडतो, कर कापण्याआधी. समजा तुमचे भाड्यात ७०० डॉलर वाचणार आहेत. नवरा-बायको दोघंही किमान वेतनावर काम करत असाल, तर ती बचत पगारातच गेली आणि वर २०० डॉलर पदरचे गेले. नर्स, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, आयटीतला कायम नोकरीवाला यांचं गणित निराळं आहे, त्यांना इथे खरोखर फायदा होतो. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: नोकरी हातात आहे का, आणि ती कसली आहे?

कराच्या बाबतीत मात्र अल्बर्टा उजवं आहे. इथे प्रांताचा विक्रीकर नाही, फक्त ५ टक्के जीएसटी लागतो. ओंटारिओत केंद्राचा आणि प्रांताचा मिळून १३ टक्के एचएसटी. डीलरकडून ३०,००० डॉलरची गाडी घेतली तर तिथे ३,९०० डॉलर कर भरावा लागतो, इथे १,५००. घर घेताना ओंटारिओत लँड ट्रान्सफर टॅक्स लागतो, खुद्द टोरांटो शहरात तर दोनदा. इथे तो नाहीच, नोंदणीची फी तेवढी भरायची. त्यामुळे घर घ्यायच्या बेताने येणाऱ्यांना मी कधी अडवत नाही.

भाड्याने राहणाऱ्यांनी मात्र इथले नियम नीट समजून घ्यावेत. भाडं किती वाढवायचं यावर अल्बर्टात मर्यादा नाही. फक्त ते वर्षातून एकदाच वाढवता येतं. ओंटारिओत तुम्ही जुन्या इमारतीत असाल तर तिथली वार्षिक वाढ सरकार ठरवतं, ते संरक्षण इथे विसरायचं. इथे घरमालक डॅमेज डिपॉझिट घेतो, जास्तीत जास्त एका महिन्याच्या भाड्याएवढं. राहायला जाताना मालकासोबत घराची पाहणी करून लेखी रिपोर्ट घ्याच. तो न करता मालकाला नुकसानीपोटी डिपॉझिट कापता येत नाही. भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा त्यात लिहून घ्या, फोटो काढून ठेवा.

आता जानेवारीचं बिल. आमचा इथला पहिला हिवाळा एका बेसमेंटमध्ये गेला. भाडं छान कमी होतं. वर "युटिलिटीत ४० टक्के वाटा", म्हणजे वीज-गॅस-पाण्याच्या बिलात, असं मालकाने सांगितलं आणि आम्ही मान डोलावली. थर्मोस्टॅट वरच्या मजल्यावर होता, हे राहायला गेल्यावर कळलं. वरची मंडळी दिवसभर कामावर जात, जाताना तापमान खाली करत. मी तान्ह्या मुलीला घेऊन खाली दुलईत बसून असे. संध्याकाळी ते परतले की फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी भट्टी, जोरात सुरू व्हायची आणि गरम हवा सगळी वर जायची. महिनाअखेरीला बिल आलं, त्यातले ४० टक्के आम्ही भरले, आणि गारठलो ते गारठलोच. म्हणून सांगते, घर बघताना तीन गोष्टी तोंडाने विचारा: हीटिंग भाड्यात धरलंय का, थर्मोस्टॅट कुणाच्या हातात आहे, आणि गेल्या जानेवारीचं बिल दाखवता का. जुलैचं बिल दाखवून कुणी समजूत काढत असेल तर ते घर सोडा. जुन्या अपार्टमेंटमध्ये पुष्कळदा हीटिंग आणि पाणी भाड्यातच असतं. दिसायला ती जुनाट वाटतात, पण पहिल्या वर्षासाठी मला तीच सर्वांत सुरक्षित वाटतात.

विजेचं आणि गॅसचं बिल पहिल्यांदा हातात आलं की अनेकजण गोंधळतात. वापराची रक्कम थोडी आणि खाली ट्रान्समिशन, डिस्ट्रिब्यूशन, लोकल अ‍ॅक्सेस फी अशा ओळीच ओळी. त्यातल्या बऱ्याचशा रकमा दिवा न लावताही द्याव्या लागतात. इथे वीज कुणाकडून घ्यायची हे ग्राहक निवडतो. दारावर येऊन घाईने सही मागणाऱ्या कुणाशीही करार करू नका. आधी शेजाऱ्यांना विचारा, दर ताडून बघा, मग ठरवा.

थंडीबद्दल आता बोलते. टोरांटोत जानेवारीत सरासरी उणे ४-५च्या आसपास असतं. इथे उणे १०च्या खाली. पण सरासरीने काही कळत नाही. इथे उणे १२ असताना लख्ख ऊन असतं, हवा कोरडी असते, आणि नीट कपडे घातले की चालायला मजा येते. ब्रॅम्प्टनचा ओला, हाडात शिरणारा गारठा मला यापेक्षा जास्त त्रास द्यायचा. खरी परीक्षा असते ती दरवर्षी एक-दोनदा येणाऱ्या उणे ३०च्या आठवड्यांची. वारा असेल तर अशा वेळी उघडी त्वचा १० मिनिटांतही हिमदंशाला बळी पडू शकते. गाल किंवा नाकाचं टोक पांढुरकं पडून बधिर झालं की लगेच आत या. चोळू नका, कोमट उबेने हळूहळू पूर्ववत होऊ द्या.

जानेवारी २०२४ची लाट आम्ही पाहिली आहे. १३ तारखेला शनिवारी संध्याकाळी सगळ्यांचे फोन एकदम खणखणले. विजेची मागणी इतकी वाढली होती की अनावश्यक दिवे आणि उपकरणं लगेच बंद करा, असा प्रांताचा आपत्कालीन संदेश होता. आमच्या गल्लीत एकामागून एक खिडक्या अंधारल्या. काही मिनिटांतच सुमारे १५० मेगावॅटने मागणी खाली आली आणि वीज टिकली. तेव्हापासून आमच्याकडे एका पेटीत जाड पांघरुणं, टॉर्च, बॅटऱ्या आणि तीन दिवस पुरेल असा कोरडा खाऊ कायम असतो. चिवडा आणि गूळ-शेंगदाणे त्यात आलेच.

गाडी इथे गरज आहे. बस आणि एलआरटी (शहरातली हलकी रेल्वे) आहेत, पण उणे २५ला लहान मुलाला घेऊन स्टॉपवर १५ मिनिटं उभं राहून बघा, मग कळेल. दोघांच्या कामाच्या वेळा वेगळ्या असतील तर दुसरी गाडी लागते, आणि टोरांटोत नसलेला हा खर्च हिशोबात धरायला लोक विसरतात. गाडीच्या पुढच्या जाळीतून विजेची एक पिन लोंबताना दिसते ना, तो ब्लॉक हीटर. पारा उणे १५-२०च्या खाली गेला की गाडी सुरू करण्याआधी तीन-चार तास तो प्लगला लावायचा, म्हणजे इंजिन उबदार राहतं. रात्रभर लावून वीज जाळू नका, साधा टायमर लावा. वायर बाहेरच्या थंडीसाठीची घ्या. आम्ही घरातलीच एक्स्टेन्शन वापरली होती. उणे ३०ला ती काठीसारखी ताठ झाली आणि वाकवताना तिचं आवरण तडकलं. आतली तार हाताला लागली नाही, हे नशीब. भाड्याचं घर बघताना पार्किंगला प्लग आहे का, आणि त्याचे पैसे वेगळे का, हे विचारून घ्या.

हिवाळी टायरची इथे क्युबेकसारखी सक्ती नाही. तरी घ्या. तापमान ७ अंशांखाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि पकड सुटते. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह आहे का, ते बघा. गाडीचा विमा इथे खासगी कंपन्यांकडून घ्यावा लागतो आणि तो स्वस्त नाही, त्यामुळे निघण्याआधीच दोन-तीन ठिकाणांहून दर मागवा. रस्त्यावर खडी टाकतात, ती उडून समोरची काच तडकते. काचेचं संरक्षण विम्यात आहे का, तेही विचारा.

कपड्यांसाठी भारतातून जाडजूड जॅकेट आणू नका, ते पैसे वाया जातात. इथे येऊन घ्या, आणि पहिल्या वर्षी व्हॅल्यू व्हिलेज किंवा गुडविलमध्ये जाऊन वापरलेलं घ्यायला अजिबात संकोच करू नका. मुलांच्या स्नोपँट तर एका हंगामात आखूड होतात. अंगालगत सुती बनियन नको. घामाने ते ओलं होतं आणि मग अंग गार पडतं. थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं, असे थर हवेत. आईने नाशिकहून विणून पाठवलेले हातमोजे माझ्या मुलाला फार आवडायचे, पण लोकरीच्या विणीतून वारा शिरतो. शेवटी ते आत आणि वर जाड मिटन (चारही बोटं एकत्र राहतात असे मोजे), असं आम्ही केलं. त्यामुळे आजीचे मोजे रोज शाळेत गेले.

घरात हवा फार कोरडी होते. ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो, मुलांच्या नाकातून कधी रक्त येतं. हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर लावा, पण बेताने. आपल्या स्वयंपाकात वाफ भरपूर. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या आणि एक्झॉस्ट लावलेला नसेल, तर उणे ३०च्या रात्री ती वाफ खिडकीच्या काचेवर जाऊन गोठते. सकाळी चौकटीच्या तळाशी बोटभर बर्फ असतो, तो वितळून भिंतीत मुरतो आणि पुढे बुरशी धरते. डिपॉझिट कापलं जाण्याचं हेही एक कारण ठरतं. म्हणून एक्झॉस्ट लावा आणि सकाळी काचा पुसा. फर्नेसचं फिल्टर दर दोन-तीन महिन्यांनी बदला, फोडणी जास्त होत असेल तर त्याआधीच.

थंडीपेक्षा अंधार जास्त छळतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. कामाला जाताना काळोख, परतताना काळोख. त्यात भारताशी साडेबारा तासांचं अंतर, म्हणजे इथली रात्र ही आईची सकाळ, आणि ती आंघोळ-पूजेच्या गडबडीत असते. पहिल्या वर्षी नोव्हेंबरपासून मी कुणाशी बोलेनाशी झाले होते. डॉक्टरांशी बोलले, त्यांनी व्हिटॅमिन डी सुरू केलं, रोज दुपारी उन्हात २० मिनिटं चालायला लावलं. हे मनावर घ्या, लाजू नका. घरात बसून राहू नका: वाचनालय, रिक्रिएशन सेंटर, मराठी मंडळींची भजी-चहाची बैठक, काहीही चालेल. मला स्वतःला मटार्ट कंझर्व्हेटरीने, म्हणजे इथल्या झाडांच्या काचघरांनी सावरलं. नदीकाठी काचेचे चार पिरॅमिड आहेत, त्यातल्या उष्ण कटिबंधाच्या पिरॅमिडमध्ये शिरलं की चष्म्यावर वाफ येते आणि ओल्या मातीचा वास येतो. जानेवारीत तिथल्या बाकावर बसून मी दोनदा मनसोक्त रडले आणि मोकळी होऊन घरी आले.

याची दुसरी बाजू उन्हाळा. जूनमध्ये रात्री १० वाजताही उजेड असतो, आणि माणसं तो अक्षरशः पिऊन घेतात. अलीकडे मात्र वणव्यांचा धूर येतो, २०२३च्या मे महिन्यात आकाश नारिंगी झालं होतं. घरात कुणाला दमा असेल तर याचा विचार थंडीइतकाच गांभीर्याने करा.

शक्य असेल तर निर्णयाआधी फेब्रुवारीत चार दिवस येऊन राहा. जुलैत आलेल्या प्रत्येकाला हे शहर आवडतं. आणि यायचं ठरलंच तर जुलै-ऑगस्टच्या सुमारास या. मुलांची शाळा सप्टेंबरला सुरू होते आणि कपडे-टायर जमवायला दोन-तीन महिने मिळतात. ओंटारिओचं हेल्थ कार्ड लगेच टाकून देऊ नका. दुसऱ्या प्रांतातून आलेल्यांना अल्बर्टाचं आरोग्य संरक्षण तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मिळतं, तोवर जुनंच चालतं. ओंटारिओचं लायसन्स ९० दिवसांत बदलून घ्या. घरात कुणाकडे फक्त भारतातलं लायसन्स असेल, तर त्याची रोड टेस्ट बर्फ पडायच्या आत, सप्टेंबरातच उरकून घ्या. नोव्हेंबरात रस्त्यावरचे पांढरे पट्टे बर्फाखाली जातात आणि थांबायची रेषा नेमकी कुठे आहे, हे आमच्यासारख्या जुन्यांनाही अंदाजानेच ठरवावं लागतं.