गाडी बाबांची, चालवत होतो मी: ठोकल्यावर इन्शुरन्सचं काय करायचं

जून महिना, पहिला पाऊस पडून गेलेला, रस्ता नुसता तेलकट. गोव्यात फर्मागुढी उतरून म्हार्दोळकडे जाताना मी आतल्या रस्त्याला वळलो, गाडी बाबांची, माझं वय एकवीस, लायसन्स येऊन जेमतेम दीड वर्ष. फाट्यावरून एक स्कूटर आली, मी ब्रेक मारला, गाडी घसरली, स्कूटरला घासली आणि जाऊन कुणाच्या तरी चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणाच्या भिंतीवर, बसली. स्कूटरवाल्याचा पाय सोलला, घोटा सुजला. तो म्हणतो मी ओव्हरटेक करत होतो, मी म्हणतो तो न बघता आत घुसला. दोन मिनिटांत वीस माणसं जमली आणि त्यातल्या अठरा जणांनी सगळं डोळ्यांनी बघितलेलं, जरी रस्त्यावर तेव्हा एक कुत्रा सोडून कोणी नव्हतं. त्यानंतर जे काही शिकलो ते लिहून ठेवतोय कारण माझ्या वयाच्या पोरांना हे कोणी सांगत नाही, एजंट पॉलिसी विकताना तर अजिबातच नाही.

पहिलं म्हणजे माणूस. 108 ला फोन, पोलिसांना 112, मग बाकीचं. लागलेल्या माणसाला दवाखान्यात पोचवायची सोय करणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्ये ड्रायव्हरचं काम म्हणूनच लिहिलंय, आणि त्याच कलमात इन्शुरन्स कंपनीला कळवणंही आहे. मे 2025 पासून रस्ता अपघातातल्या जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाखांचे कॅशलेस उपचार देणारी केंद्राची योजना आहे, ती तिथेच समोरच्याच्या घरच्यांना सांगा, कारण अर्धं भांडण हे दवाखान्याचं बिल कोण भरणार याचंच असतं.

मग फोटो, गाडी हलवायच्या आधी. डेंटचे क्लोजअप सगळेच काढतात, पण भांडणात कामाला येतात ते लांबून काढलेले, ज्यात फाटा, वळण, दोन्ही गाड्यांची तोंडं कुठे आहेत, काचा कुठे पडल्यात, टायरचे वळ कुठून सुरू झालेत हे सगळं एका चौकटीत दिसतं. एक मिनिटाचा व्हिडिओ गोल फिरवून काढा आणि काढताना तोंड बंद ठेवा. माझ्या व्हिडिओत मीच मागून "अरे देवा काय केलं मी" असं म्हणतोय, त्यामुळे तो व्हिडिओ मी आजपर्यंत कुणाला दाखवू शकलेलो नाही. आजूबाजूला दुकान, बार, घर, कुठेही कॅमेरा दिसला तर त्याच दिवशी जाऊन विचारा, बऱ्याच डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या डब्यात) जुनं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं आणि आठवड्याने गेलात तर दुकानदार फक्त खांदे उडवतो.

आता कागद. गर्दीत एक काका असतातच. आमच्याकडच्या काकांनी शाळेच्या वहीचं पान फाडून आणलं, लाल मार्जिनवालं, वर पेनही दिलं आणि म्हणाले, "लिहून दे रे, चूक माझी, खर्च मी करतो, विषय संपव, पोलीस कशाला हवेत." आवाज इतका प्रेमळ की मी खरंच "मी" एवढं लिहिलंही होतं. तेवढ्यात बाबांचा फोन आला म्हणून वाचलो. पॉलिसीच्या अटींमध्ये स्पष्ट असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैशांचं वचन द्यायचं नाही, पैसे द्यायचेही नाहीत. तिथे रोख मोजलेत तर ते कंपनीकडून परत मिळतील ही आशा सोडा, वर तो कागद उद्या तुमच्याच विरुद्ध उभा राहतो. समोरच्याला लागलंय म्हणून वाईट वाटतंय तर तसं बोला, पाणी द्या, सोबत बसा, पण सही नको.

बाबा पोचले, आधी मला बघितलं, मग गाडीला, आणि बाजूला घेऊन म्हणाले, "मी चालवत होतो असं सांगूया, तू काल आलेला पोर, तुझं नाव बघून क्लेम देणार नाहीत." हे प्रत्येक घरात होतं आणि माझ्या मते पोरांचे क्लेम बुडायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. आपल्याकडच्या पॉलिसीत ड्रायव्हर क्लॉज असतो, मालकाच्या परवानगीने चालवणारा आणि वैध लायसन्स असलेला कोणीही माणूस चालतो, एकवीस वर्षांचा मुलगाही चालतो. बाहेरच्या काही देशांत तरुण ड्रायव्हरला प्रीमियम चढवतात ते ऐकून आपल्याकडे हा समज पसरलाय, इथे प्रीमियम मुख्यतः गाडीवर ठरतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या कव्हरचा, तर सरकारच ठरवतं, 2022 च्या दरांप्रमाणे 1000 सीसीपर्यंतच्या खाजगी गाडीला 2,094 रुपये, 1500 पर्यंत 3,416, त्याच्या वर 7,897, ड्रायव्हर वीसचा असो की साठचा. म्हणजे ज्यातून काही वाचत नाही त्यासाठी खोटं बोलायचं, आणि पकडलं तर पूर्ण क्लेम गेला. पकडतातच. दवाखान्याच्या एमएलसीच्या (पोलिसांसाठी केलेल्या नोंदीच्या) कागदावर जखमी माणसाने "एक पोरगा चालवत होता" असं सांगितलेलं असतं, पंचनाम्यात नाव असतं, कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर येऊन फाट्यावरच्या गाड्यावाल्याकडे चहा पितो आणि सहज विचारतो.

लर्नर लायसन्स असेल तर शेजारी पक्कं लायसन्सवाला बसलेला हवा आणि एल लावलेला हवा, नाहीतर प्रकरण अवघड. दारूचं तर बोलायलाच नको, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर गेलं की स्वतःच्या गाडीचा क्लेम संपला. जखमीला कंपनी देईल, पण नंतर तेच पैसे तुमच्या घराकडून वसूल करू शकते.

गोव्यात अजून एक भानगड आहे. पांढऱ्या नंबर प्लेटची घरची गाडी सीझनमध्ये ओळखीच्याला "दे रे दोन दिवस" म्हणत पैसे घेऊन देतात. भाड्याच्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी, तिची पॉलिसीही वेगळी. खाजगी पॉलिसीत भाड्याने देणं हे वापराच्या मर्यादेबाहेर आहे. पैसे यूपीआयने घेतलेत म्हणजे पुरावा तुम्हीच तयार करून ठेवलात.

आता माझी स्वतःची चूक. मी खरं बोललो, बाबांनाही मनवलं, तरी क्लेम अडकला. त्याच संध्याकाळी कंपनीच्या नंबरवर फोन केला तेव्हा घाबरलेल्या डोक्याने सांगितलं स्कूटर उजवीकडून आली. पंचनाम्यात आलं डावीकडून, जे खरं होतं. आणि क्लेम फॉर्म बाबांनी भरला, त्यात लिहिलं "समोरून येणाऱ्या दुचाकीला वाचवताना". तीन कागद, तीन स्कूटरी. दहा दिवसांनी पत्र आलं की अपघाताचं कारण आणि नुकसान जुळत नाही. तेव्हा खूप शिव्या दिल्या पण आता वाटतं की त्या जागी मी असतो तर मलाही शंका आलीच असती.

म्हणून असं करा. अपघाताच्या रात्री, झोपायच्या आधी, एका पानावर लिहा की किती वाजता, कुठून कुठे, कितवा गिअर, कोण कुठल्या बाजूने, आधी काय लागलं मग काय लागलं, आणि खाली वरून दिसतं तसं चित्र काढा. फॉर्ममध्येही चित्राची जागा असते आणि लोक ती रिकामी सोडतात. पुढे जिथे जिथे विचारतील तिथे त्याच पानावरून बोला. जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणा, स्पीड माहीत नसेल तर ठोकून देऊ नका. आणि कंपनीला त्याच दिवशी कळवा, क्लेम नंबर घ्या, फॉर्म ज्याने चालवली त्याने सांगायचा आणि मालकाने सही करायची.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम, म्हणजे पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह (स्वतःची गाडी आणि समोरचा दोन्ही धरणारी) असेल तर, चूक कोणाची यावर ठरतच नाही. तुमचा निष्काळजीपणा असला तरी ओन डॅमेज मिळतं. चूक कोणाची हे लागतं पोलीस केसला आणि समोरच्याच्या नुकसानभरपाईला. मी पंधरा दिवस सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासायला आलेल्या माणसाला, पटवत होतो की स्कूटरवाला कसा चुकला, त्याला त्यात काडीचा रस नव्हता, त्याला फक्त बघायचं होतं की फेंडर गडग्यानेच वाकलाय का जुना आहे. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मात्र स्वतःच्या गाडीचं कंपनी काही देणार नाही, समोरच्याची चूक धरून मोटार अपघात ट्रायब्युनलमध्येच (भरपाई ठरवणाऱ्या कोर्टात) जावं लागतं.

सर्व्हे होईपर्यंत गॅरेजवाल्याला गाडी उघडू देऊ नका, तो "करून टाकूया" म्हणत असतोच. 2024 च्या आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमांनुसार कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, पंधरा दिवसांत त्याचा रिपोर्ट आणि त्यानंतर सात दिवसांत निर्णय, हे आकडे फोनवर बोलताना तोंडावर असले की समोरचा आवाज जरा बदलतो.

बिल बघून धक्का बसू नये म्हणून माझंच सांगतो, जीएसटी सोडून. गाडी साडेतीन वर्षांची, झिरो डेप (पार्टच्या वयाप्रमाणे होणारी कपात टाळणारं जादा कव्हर) घेतलेलं नाही. बंपर 6,400, प्लास्टिकला निम्मं कापतात म्हणून गेले 3,200. फेंडर 4,000 आणि बॉनेट 8,800, तीन ते चार वर्षांच्या गाडीला धातूवर 25 टक्के, म्हणजे 3,200 अजून गेले. काच 6,000, काचेवर कपात नाही. मजुरी 5,000 पूर्ण. रंग 12,000, त्यातला चौथा हिस्सा मटेरियल धरतात आणि त्याच्यावर निम्मं, म्हणजे 1,500. वर 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपल्या खिशातून जाणारी ठरलेली रक्कम, 1,000. एकूण 42,200 पैकी हातात आले 33,300.

पण छोटं असेल तर क्लेम करूच नका, आधी नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणाऱ्या सवलतीचा, हिशोब मांडा. समजा ओन डॅमेजचा प्रीमियम 12,000 आणि आता 35 टक्के बोनस आहे. क्लेम नाही केला तर पुढच्या वर्षी 45 टक्के, भरायचे 6,600, केला तर पूर्ण 12,000. त्याच्या पुढच्या वर्षी 6,000 ऐवजी 9,600. म्हणजे दोन वर्षांत 9,000 गेले. सहा हजारांच्या बंपरसाठी कोण हे करेल? फक्त समोरच्याने थर्ड पार्टी क्लेम केला तर तुमचा बोनस जात नाही, एवढं लक्षात असू द्या.

नकाराचं पत्र आलं तर फोनवर भांडू नका. मी कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्याला, मेल केला, त्यात सरळ लिहिलं की फोनवर बाजू सांगताना माझी चूक झाली, पंचनामा आणि फोटो बघा, गडग्यावरचा रंग आणि बंपरवरची चिऱ्याची लाल माती बघा. ती लाल माती दिसणारा एक फोटो होता, त्यानेच काम केलं. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर टाका किंवा 155255 ला फोन करा. तरीही नाही तर विमा लोकपाल, फी नाही, वकील नको, 50 लाखांपर्यंतची तक्रार चालते, पण कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एका वर्षात जायचं. ग्राहक आयोगाला दोन वर्षं असतात.

स्कूटरवाल्याच्या वकिलाची नोटीस किंवा मोटार अपघात ट्रायब्युनलचा समन्स आला तर त्याला स्वतः उत्तर लिहायच्या भानगडीत पडू नका, त्याच दिवशी कॉपी कंपनीला द्या आणि पोच घ्या, वकील कंपनीच देते. पण समन्स कपाटात टाकून बसलात तर तुमच्या माघारी निकाल लागू शकतो. तिथे दोघांचीही चूक थोडी थोडी धरून रक्कम वाटता येते, म्हणून ते फाट्याचे लांबचे फोटो जपून ठेवा. आणि एक, बाबांच्या पॉलिसीतलं 15 लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर हे मालक-ड्रायव्हरचं असतं, चालवताना तुम्हाला काही झालं तर ते तुमचं नाही, वेगळं घ्या, थोडक्या पैशांत मिळतं.

राहिला गडगा. पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंत कव्हर होतं, पण कंपनीने ट्रायब्युनलचा रस्ता दाखवला आणि तीन चिऱ्यांसाठी ट्रायब्युनल कोण चढणार. मग कंपनीला मेल करून संमती घेतली, गवंड्याची दीड दिवसाची मजुरी आणि चिरे आम्हीच दिले, आणि मालकाकडून पावती घेतली ज्यात "अपघाताची जबाबदारी मान्य न करता" असं लिहिलंय. मालक म्हातारे गृहस्थ, पावतीवर सही करताना म्हणाले, "बाबा, पुढच्या पावसात हळू ये." ते तीन चिरे बाकीच्यांपेक्षा अजून लाल दिसतात.