हर्पिसच्या डीएनए कॉपीत पेशीचं कुठलं प्रोटीन खरंच हातभार लावतं, हे तपासायचं कसं

हर्पिस सिम्प्लेक्स १ चा जीनोम साधारण दीड लाख बेस पेअरचा, आणि त्याची कॉपी काढायला लागणारी सात मुख्य प्रोटीन्स व्हायरस स्वतःची स्वतः बनवतो: यूएल९, आयसीपी८, पॉलिमरेज आणि त्याचा जोडीदार यूएल४२, शिवाय यूएल५, यूएल८, यूएल५२ या तिघांचं हेलिकेज-प्रायमेज (डीएनएचे धागे उलगडून कॉपीची सुरुवात करून देणारं). पण टोपोआयसोमरेज त्याच्याकडे नाही, लायगेजही नाही, म्हणजे डीएनएचा पीळ सोडवायला आणि तुकडे सांधायला पेशीच्याच दारात जावं लागतं. म्हणून हे शोधायला मजा येते. फक्त एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेवा, एखादं प्रोटीन तिथे दिसलं म्हणजे ते मदतच करतंय असं नाही, ते व्हायरसला अडवायलाही आलेलं असू शकतं.

आधी पेशी. फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) डिशमध्ये पूर्ण भरू द्या आणि सीरम कमी करून शांत बसू द्या, कारण पुढे ईडीयू (नव्याने बनणाऱ्या डीएनएत शिरणारा आणि नंतर चमकवून बघता येणारा रेणू) घालायचंय आणि पेशी स्वतःच विभागत असतील तर ते त्यांच्याच डीएनएत जाणार, मग तुम्ही व्हायरस बघताय का पेशी हेच कळणार नाही. इन्फेक्शन न केलेली एक डिश तशाच ईडीयूने रंगवा, ती काळीकुट्ट दिसली पाहिजे. व्हायरसचा टायटर, म्हणजे संसर्ग करू शकणारे व्हायरस किती, तो व्हेरो पेशींवर (माकडाच्या किडनीच्या पेशी) प्लाक, म्हणजे व्हायरसने पेशी मारून पाडलेली भोकं, मोजून काढा आणि एका पेशीमागे ५ ते १० व्हायरस या हिशोबाने टाका. काम बीएसएल-२ (जैवसुरक्षा पातळी २) लॅबमध्ये, आणि गॉगल लावाच, हा व्हायरस डोळ्याच्या कॉर्नियाला धरतो, त्यात हयगय नको.

आता मायक्रोस्कोप. आयसीपी८ ची अँटीबॉडी लावली की ३ तासांच्या सुमारास न्यूक्लियसमध्ये बारीक ठिपके दिसतात, ६ तासांपर्यंत ते फुगून एकमेकांत मिसळतात आणि अर्धाअधिक न्यूक्लियस व्यापतात, पेशीचं स्वतःचं क्रोमॅटिन कडेला ढकललं जातं, डॅपीमध्ये (डीएनए रंगवणारा निळा रंग) तिथे चक्क भोक पडल्यासारखं दिसतं. तुमचं प्रोटीन त्या भोकात बसलंय का ते बघा. एका डिशमध्ये फॉस्फोनोअॅसेटिक अॅसिड घाला, पॉलिमरेज थांबतं आणि आयसीपी८ बारीक ठिपक्यांतच अडकतं. तुमचं प्रोटीन तरीही ठिपक्यांत असेल तर ते कॉपी सुरू व्हायच्या आधीच आलेलं, नसेल तर त्याला चालू कॉपी लागते.

इथे माझा एक महिना गेला होता. सशाची अँटीबॉडी इन्फेक्टेड पेशींत झगझगीत दिसायची आणि बाकीच्यांत काहीच नाही, मी खूश. मग नुसती सशाची साधी आयजीजी (कुठल्याच ठरावीक प्रोटीनसाठी न बनवलेली अँटीबॉडी) लावून बघितली तर तीही तशीच चमकली! झालं असं की व्हायरसची जीई आणि जीआय प्रोटीन्स मिळून अँटीबॉडीची शेपटीच पकडतात. तेव्हापासून मी आधी माणसाच्या आयजीजीने ब्लॉक करते, नाहीतर सरळ उंदराची अँटीबॉडी वापरते, ती तिथे चिकटत नाही म्हटलं तरी चालेल. तुम्हीही हा कंट्रोल पहिल्याच दिवशी लावा, प्लीज.

एकेक नाव तपासायचं नसेल तर ईडीयूवर क्लिक रिअॅक्शनने (दोन रेणू पक्के जोडणारी रिअॅक्शन) बायोटिन जोडा, बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टअॅव्हिडिनच्या बीड्सनी ओढून काढा आणि कुठली प्रोटीन्स आली ते ओळखायला मास स्पेक्ट्रोमेट्रीला द्या. २०१५ मध्ये डेम्बोव्स्की आणि डेलुका यांनी असंच करून व्हायरसच्या डीएनएवरची पेशीची प्रोटीन्स पकडली होती. क्लिक रिअॅक्शनला लागणारं अॅस्कॉर्बेट मात्र त्याच दिवशी बनवा, पिवळं पडलं की फेका. आणि ईडीयू न घातलेलं सॅम्पल शेजारी हवंच, बीड्सना काय वाट्टेल ते चिकटतं.

शेवटी ते प्रोटीन काढून बघायचं, एसआयआरएनए (त्या प्रोटीनचा आरएनए नष्ट करणारा छोटा आरएनए) किंवा नॉकआउट (जीनच काढून टाकणं), आणि दोन्ही मोजायचं, क्यूपीसीआरने (डीएनए किती आहे ते मोजणारी पीसीआर) व्हायरल डीएनए आणि प्लाकने व्हायरस. एमआरई११ नसलेल्या पेशींत व्हायरसचं पीक घटतं. उलट कू७० किंवा डीएनए-पीके नसलेल्या पेशींत व्हायरस जास्त माजतो, आणि डीएनए-पीकेचा मोठा भाग तर कित्येक पेशींत व्हायरसचं आयसीपी० हे प्रोटीन नष्टच करून टाकतं. ही सगळी डीएनए दुरुस्तीवालीच मंडळी, पण वागणं अगदी उलट. पीक घटलं तर आधी पेशी जिवंत आहेत ना ते बघा, आणि मग एसआयआरएनएला न सापडणारी त्याच प्रोटीनची कॉपी परत घालून पीक पूर्ववत होतंय का ते तपासा, तोवर नाव पेपरात लिहू नका.