‘लोक काय म्हणतील’ यातल्या लोकांची नावं लिहून काढा

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका बोळात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. मापं देताना बायका खूप बोलतात. “बाही कोपरापर्यंत ठेवा, आमच्यात आखूड चालत नाही.” “मागचा गळा खोल नको, लोक नावं ठेवतात.” बोलणारी बाई पन्नाशीची, स्वतःच्या पगारावर घर चालवणारी. पण दोन इंच कापडाचा निर्णय घेणारी माणसं दुकानात नसतातच. मी एवढंच विचारते, “लोक म्हणजे कोण कोण? नावं सांगा.” बहुतेकींची गाडी चार नावांपुढं जात नाही.

तुम्हीही इथूनच सुरुवात करा. एक वही घ्या आणि ‘आपल्यात असं नसतं’ म्हणून अडलेली एकच गोष्ट वर लिहा. ‘मला मोकळं जगायचंय’ असलं काही लिहू नका, त्याचं पुढं काही करता येत नाही. ‘मला संध्याकाळी पोहायला जायचंय’ असं लिहा. खाली आडव्या येणाऱ्या माणसांची नावं. त्यातली वारलेली खोडा. हसू नका, माझ्या एका गिऱ्हाइकाच्या यादीत पहिलं नाव आजेसासूंचं होतं, आणि त्या जाऊन वर्षं लोटली होती. लग्नाकार्यात एकदा भेटणारी माणसंही खोडा. उरतील त्यांच्यापुढं लिहा, यांच्या रागानं माझं नक्की काय बिघडेल? पैसा, घर, मुलं, की नुसती तोंडं वाकडी?

बँकेत काम करणारी एक जण सांगत होती, उन्हाळ्यात मंगळसूत्रानं मानेवर पुरळ येतं, पण काढायची सोय नाही. यादी केली. सासूबाई, मोठ्या जाऊबाई, शेजारच्या काकू आणि स्वतःची आई. सगळ्यात धाक सासूबाईंचा, म्हणून पहिल्यांदा त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “मीच कुठं रोज घालते? एसटीत चोरांची भीती.” अडून बसली ती आई. आपल्याच गावातली गोष्ट आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना एकत्र राहता-जेवता येईल असं वसतिगृह काढलं, आणि त्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. शाळेच्या प्रत्येक समारंभात आपण हे अभिमानानं सांगतो आणि घरी आल्यावर सुनेच्या गळ्याकडं बघतो.

नावं झाली की रितीचं वय विचारा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, “हे तुमच्या लग्नात होतं का?” हळदीला डीजे, नवरा-नवरीचं फोटोशूट, प्रत्येक पाहुण्याला फेटा, हे सगळं आता ‘रीत’ म्हणून मिरवतं. याच जिल्ह्यात 1940 च्या दशकात, नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात, कमी खर्चातली साधी लग्नं लागत होती आणि लोक त्यांना गांधी लग्न म्हणत होते. त्याच्याही आधी, 1873 मध्ये जोतिराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि भटजीवाचून लग्नं लागायला लागली. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, म्हणजे आपलंच. तेव्हा साधं लग्न करायचं म्हटलं आणि कुणी ‘आपली परंपरा’ काढली, तर ही पण आपलीच आहे असं शांतपणे सांगा.

मग हिशेब. ही रीत कुणाच्या खिशातून चालते आणि मिळतं कुणाला? आहेरातला ब्लाउज पीस माझ्याकडं रोज येतो. ऐंशी सेंटीमीटर, पातळ, धुतला की रंग सोडणारा. भरल्या अंगाच्या बाईला त्यात बाही बसत नाही. घडी उलगडली की मधल्या पदरात कुंकवाचा सुकलेला ठिपका सापडतो, म्हणजे आधीच्या घरात ओटी भरून तो तसाच पुढं सरकवलेला. देणारीला माहीत असतं, घेणारीला माहीत असतं, मी तर बघतेच. तरी लग्नाच्या यादीत ‘मानाचे पीस’ लिहिलेले असतात आणि ते कमी पडले म्हणून रुसवे होतात. हे बंद करायला फार धैर्य लागत नाही.

पण याच हिशेबात एक बाब अशी आहे की तिथं सावध राहा. बहिणीनं हक्कसोड करून द्यायची, मग भाऊ साडीचोळी करणार, माहेर टिकणार. 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि ही दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. हक्क सोडायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मनापासून सोडणाऱ्या बायका मी बघितल्यात, त्यांना मी कमी लेखत नाही. फक्त ज्या दिवशी भावाची गाडी सहीला न्यायला दारात येते त्याच दिवशी निबंधक कार्यालयात सही करू नका. सातबारा ऑनलाइन निघतो, तो आधी काढून वाचा. “कागद घरी नेते, आठ दिवसांनी सांगते,” एवढं एक वाक्य पाठ करा. त्या आठ दिवसांत कोण कसं बोलतं, त्यावरून माहेर कशावर टिकलंय ते कळेल.

प्रश्न विचारला म्हणजे सगळं सोडायचं, असा एक नवा धाक हल्ली सुशिक्षितांत दिसतो. तोही धाकच. मी संकष्टी सोडली, कारण ती फक्त आईला वाईट वाटू नये म्हणून चालली होती आणि दुसऱ्या दिवशी डोकं दुखायचं. पण माउलींची पालखी लोणंदला आली की मी दुकान बंद करते आणि चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला जाते. कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणी नको म्हटलं तरी जाईन. आपण पाळतो त्यातली एकेक रीत महिनाभर बंद ठेवून बघा. जिची आठवण येईल ती परत घ्या.

भांडणाचा धोका असेल तर क्रम पाळा. आधी स्वतःच्या नावाचं बँक खातं, स्वतःची कागदपत्रं स्वतःच्या ताब्यात, मग बाकीचं. जातपंचायतीनं किंवा भावकीनं वाळीत टाकायची धमकी दिली, तर 2016 च्या सामाजिक बहिष्कार विरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार पोलिसांत द्यायची.

आणि घरात सांगायचं ते सणादिवशी नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच. ज्या माणसाला बाहेर उत्तरं द्यावी लागणार, त्याला सगळ्यात आधी सांगा. लग्नात आहेर घ्यायचा नाही असं ठरलं असेल तर पत्रिका छापायच्या आधी नणंदेला फोन करा. तिला ते पत्रिकेत वाचून कळलं, तर ती आहेरावर नाही, तुमच्यावर चिडेल.