बेळगावात राहून ऑर्गनायझेशनल आणि क्रॉस-कल्चरल सायकॉलॉजीचा अभ्यास कसा करायचा

बीएला सायकॉलॉजी घेतलीय, पुढं एमएला ऑर्गनायझेशनलकडं जायचा विचार हाय, आणि घरी येणारा प्रत्येक मामा-काका विचारतोय "म्हणजे वेड्यांचा डॉक्टर होणार काय?", अशांसाठी हे. ते क्लिनिकल, त्याचा रस्ता वेगळा, त्याला आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं) लायसन लागतंय. आपला विषय म्हणजे माणसं कामाच्या ठिकाणी कशी वागतात, का टिकतात, का सोडून जातात, कुणाचं ऐकतात, आणि समाज बदलला की यातलं किती बदलतंय.

हे शिकायला बेळगावसारखी जागा नाही. उद्यमबागची एखादी फाउंड्री बघा, मालक मराठी, अकाउंटंट कन्नड, मोल्डिंगवर यूपी-बिहारची पोरं, हिशोब एका भाषेत आणि शिव्या तिसऱ्याच, आणि हे इतकं रोजचं झालंय की यात अभ्यासण्यासारखं काही हाय असं कुणाला वाटतच नाही.

वाचायला सुरुवात सगळे होफस्टेडपासून, म्हणजे देशादेशांतली संस्कृती आकड्यांत मोजणाऱ्या संशोधकापासून करतात, तुम्हीपण करा, खरं पाठांतर करू नका. त्यानं 1967 ते 1973 च्या दरम्यान आयबीएमच्या बऱ्याच देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून जास्त प्रश्नावल्या वापरल्या, 1980 ला पुस्तक काढलं, संस्कृती मोजायचे आधी चार डायमेन्शन (मापं) होते, पुढं दोन वाढले. भारताला पॉवर डिस्टन्समध्ये (वरच्या-खालच्यातलं अंतर माणसं किती मान्य करतात त्यात) 77 मिळाले एवढं लिहून पोरं थांबतात. अहो तो अख्ख्या देशाचा आकडा, समोर बसलेल्या माणसाचा नव्हे! निपाणीत बिडी वळणारी मावशी आणि हत्तरगीच्या एरोस्पेस युनिटमधला इंजिनिअर, दोघांच्या कपाळावर 77 चिकटवून काय कळणार? ही जी चूक हाय तिला इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात, व्हायव्हाला जाताना नीट समजून जावा. शिवाय डेटा सगळा एकाच कंपनीचा, मग त्यात देश किती आणि आयबीएमची नोकरी किती हा प्रश्न उरतोच.

म्हणून एक सवय लावून घ्या. कुठलीही थिअरी वाचली की वहीत खाली दोन ओळी, आपल्या भागातलं एक उदाहरण जे तिच्यात बसतंय आणि एक जे बसत नाही. बसणारं उदाहरण पाच मिनिटात सापडतंय. न बसणारं शोधायला डोकं लागतंय, आणि माझ्या मते खरा अभ्यास तोच, बाकी गाईड वाचूनपण पास होता येतंय.

बेरी या संशोधकाचं अ‍ॅकल्चरेशन मॉडेल घ्या, म्हणजे दुसऱ्या संस्कृतीत गेल्यावर माणूस कसा जुळवून घेतो ते. दोन प्रश्न, आपलं धरून ठेवायचं का, आणि समोरच्या समाजाशी मिसळायचं का, त्यातून चार वाटा निघतात: इंटिग्रेशन (दोन्ही), असिमिलेशन (आपलं सोडून मिसळणं), सेपरेशन (आपलंच धरून वेगळं राहणं), मार्जिनलायझेशन (दोन्ही नाही). खानापूरचा पोरगा बेंगळूरला आयटीत गेला की हे छान लागू पडतंय. खरं बेळगावातच लावायला गेलं की गाडी अडकते, कारण इथं बाहेरून आलेला कोण हे ज्याला विचाराल तो वेगळं सांगणार. त्या वादात पडायची गरज नाही, खरं मॉडेल इथं का अडकतंय हे असाइनमेंटमध्ये लिहा, सगळ्यांनी कॉपी केलेल्या तक्त्यापेक्षा ते केव्हाही बरं.

परदेशी नावांवरच थांबू नका. जे. बी. पी. सिन्हांनी नर्चरंट-टास्क लीडर मांडला, म्हणजे माया करणारा खरं काम झाल्याशिवाय न सोडणारा साहेब. पोरीच्या लग्नाला उचल देणारा आणि कास्टिंग रिजेक्ट झालं की अख्खं शेड डोक्यावर घेणारा मालक ज्यानं बघितलाय त्याला हे समजवायला लागत नाही. तसंच ए. के. राईसचा अहमदाबादच्या कॅलिको मिलमधला 1953 चा प्रयोग वाचा, लूमवरच्या कामगारांचे छोटे गट करून कामाची जबाबदारी गटावर सोपवली होती. वडगाव-शहापूरला ज्यांच्या घरी माग हाय त्यांना तर वाचताना मजाच येईल.

स्टॅटिस्टिक्सला घाबरून शेवटच्या सेमिस्टरपर्यंत ढकलू नका. जामोवी किंवा जॅस्प ही स्टॅटिस्टिक्सची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, कोरिलेशन, टी-टेस्ट, अ‍ॅनोव्हा एवढं हातात बसलं तरी सुरुवातीला पुष्कळ.

आता प्रोजेक्ट, इथंच पोरं सगळ्यात जास्त माती खातात. नेटवरची इंग्लिश प्रश्नावली उचलून वाटायची नाही. एकानं मराठीत (किंवा कन्नडमध्ये) करायची, मूळ न बघितलेल्या दुसऱ्यानं परत इंग्लिशमध्ये आणायची, आणि दोन्ही इंग्लिश शेजारी ठेवून फरक कुठं पडलाय ते बघायचं. ब्रिसलिननं 1970 मध्ये मांडलेली ही पद्धत अजून वापरतात. मराठी करताना पुस्तकी मराठी नको, "आपण आपल्या कार्याबाबत समाधानी आहात काय" असं विचारलं तर माणूस आधी तुमच्याकडंच बघत बसणार.

पाच पर्यायांची स्केल मशीनवरच्या माणसाला जड जाते, तो टोकाचं तरी सांगतो नाहीतर सगळ्याला हो म्हणतो. आधी "पटतंय का नाही" विचारा आणि मग "थोडं की पूर्ण". दोन-तीन प्रश्न उलटे घाला म्हणजे नुसती हो-हो लगेच कळते. मालकाची परवानगी लेखी घ्या, खरं सुपरवायझर शेजारी उभा असताना एकही फॉर्म भरून घेऊ नका, सगळं "बरं हाय" असंच येणार. शिफ्ट सुटल्यावर बाहेर चहाच्या गाड्यावर बोला. नाव लिहून घ्यायचं नाही, आणि हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगायचं, नको म्हणाला तर सोडून द्यायचं. मालक नंतर गोड बोलून विचारणारच, "कोण काय म्हणालं सांग की". सांगायचं नाही, गटाचा रिपोर्ट तेवढा द्यायचा. आठ जणांच्या खात्याचा वेगळा आकडापण देऊ नका, कोण बोललं ते लगेच ओळखतंय.

एमएसाठी जवळ धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, तिथं सायकॉलॉजीचा डिपार्टमेंट हाय. लांब जायची तयारी असेल तर मुंबई विद्यापीठाचा अप्लाइड सायकॉलॉजी बघा, तिथं इंडस्ट्रियलचं स्पेशलायझेशन मिळतंय. घरी बसून डिस्टन्सनं करतो म्हणणाऱ्यांनी थांबा, 2025 च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीनं डिस्टन्स आणि ऑनलाइन सायकॉलॉजीचे नवे प्रवेश बंद केलेत, त्यामुळं कुणी एजंट सीट देतो म्हणाला तर पैसे भरायच्या आधी यूजीसीची नोटीस स्वतः वाचा. आणि नोकरीला एचआरमध्ये एमबीए, एमएसडब्ल्यूवाले आधीच रांगेत हायत, त्यांच्यापुढं तुमच्याकडं वेगळं काय तर प्रश्नावली बनवता येणं, डेटा वाचता येणं आणि तीन भाषांत कामगारांशी बोलता येणं. हे बायोडाटात पहिल्या पानावर घाला, होफस्टेड नको.