होडीच्या इपॉक्सीवर मेणचट थर, रंग धरत नाही: माझा अनुभव

मरीन प्लायच्या शिडाच्या होडीला इपॉक्सीचा हात मारला, म्हणजे राळ आणि ती कडक करणारा हार्डनर मिसळून लावायचा लेप. आतून कडक, वरून मेणचट, पांढुरका. रंग त्यावर फाटतो, मग पापुद्रे सुटतात. गोव्याच्या पावसाळ्यात हे हमखास होतं. हार्डनरमधली अमाइन्स नावाची रसायनं हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड पकडून वर थर धरतात.

थिनरने पुसलं तर थर नुसता पसरला. थेट घासलं तर पॉलिश पेपर लगेच भरला. डोकं उठलं नुसतं!

हा थर पाण्यात विरघळतो. इपॉक्सी नखाने ओरखडा उठणार नाही इतकी कडक होऊ द्या. कोमट पाणी, साबण नको, भांड्यांचा हिरवा स्क्रबर. हातभर जागा घासायची आणि वाळायच्या आत सुती फडक्याने टिपायची, नाहीतर थर तिथेच परत बसतो. पाणी बदलत राहा. ओतलेलं पाणी थेंब न धरता सपाट पसरलं की झालं. वाळल्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर, चकाकी जाईपर्यंत. कण्याजवळचे कोपरे सोडू नका. धूळ पुसून पुढचा हात.

धुऊनही चिकटच असेल तर बहुधा हार्डनरचं प्रमाण चुकलंय, खरवडूनच काढा. आणि आधीच्या हातावर नखाचा ठसा उठतोय तोवरच पुढचा मारला, तर धुण्याची भानगडच सहसा उरत नाही.