गेटला ५ व्होल्टच मिळतायत? मग मॉसफेट बघून घ्या

मे महिन्यात कुलरच्या १२ व्होल्ट डीसी फॅनचा स्पीड आर्डुइनोवरून (५ व्होल्टचा छोटा कंट्रोलर बोर्ड) कमीजास्त करायचा म्हणून मी घरात पडलेला आयआरएफ५४०एन मॉसफेट (गेट या पायाला व्होल्टेज दिलं की मोठा करंट चालू करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावला, फॅन फिरला पण मॉसफेटला बोट लावलं तर चटकाच बसला. कोड तपासला, वायरिंग तपासलं, सगळं बरोबर, पार्टच चुकीचा निवडलेला.

भानगड अशी की डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) थ्रेशोल्ड, म्हणजे मॉसफेट उघडायला लागतो ते गेटचं व्होल्टेज, २ ते ४ व्होल्ट दिसतो आणि आपल्याला वाटतं ५ व्होल्टात भागतंय की. पण थ्रेशोल्डला मॉसफेट नुसता डोळे किलकिले करतो, तिथं करंट असतो २५० मायक्रोअँपिअर! बघायचं ते आरडीएस ऑनच्या (मॉसफेट ऑन असतानाच्या रेझिस्टन्सच्या) ओळीत गेट व्होल्टेज किती लिहिलंय ते. ५४० ला ४४ मिलिओहम आहेत पण १० व्होल्टला, ५ चा आकडाच नाही. आयआरएलझेड४४एन ला मात्र ५ व्होल्टला २५ मिलिओहम स्पष्ट दिलेत, हा लॉजिक लेव्हल, म्हणजे कंट्रोलरच्या ५ व्होल्टातही नीट उघडणारा.

माझा फॅन ४ अँपिअर घेतो. फुल स्पीडला ५४० च्या ड्रेन-सोर्सवर (करंट वाहतो त्या दोन पायांवर) मीटर लावला तर अर्धा व्होल्ट पडत होता, म्हणजे २ वॉट. हीटसिंक नसलेल्या टीओ-२२० ला (मॉसफेटचं हे पॅकेज) वॉटमागे ६२ डिग्री चढतात, झाले १२४, त्यात आपल्या सोलापूरचे ४२ मिळवा, १६६. आतल्या चिपची लिमिट १७५! एलझेड४४ ला तोच हिशोब ०.४ वॉट, म्हणजे २५ डिग्रीच चढतात. गरम झाल्यावर थोडं वाढेल, तरी हीटसिंक नको.

ईएसपी३२ (वायफायवाला कंट्रोलर बोर्ड) वाल्यांनो, तुमच्याकडे ३.३ व्होल्टच, तिथं एलझेड४४ पण भरवशाचा नाही कारण त्याचा आकडा ४ व्होल्टपर्यंतच दिलाय. छोट्या लोडला एओ३४००ए हा इवलासा मॉसफेट घ्या, २.५ व्होल्टला स्पेक आहे, फक्त सोल्डरिंग करताना डोळे फुटतात.

मग ५४० सारखा साधा मॉसफेट टाकून द्यायचा का? नाही हो. गेटला १०-१२ व्होल्ट देणारा ड्रायव्हर (गेट चालवणारं वेगळं सर्किट) असेल तर तोच लावा. पॉवरलूमच्या मोटारीशेजारून लांब वायर गेली असेल तर नॉइजने (वायरीत शिरणाऱ्या विजेच्या गडबडीने) चुकून ऑन व्हायची भीतीही त्यात कमी. गेट-सोर्समध्ये १० के (१० हजार ओहम) रेझिस्टर आणि मोटारीला उलटा डायोड मात्र दोन्ही प्रकारच्या मॉसफेटला लागतोच.

आणि दुकानात नुसतं "झेड४४ द्या" म्हणू नका, साधा आयआरएफझेड४४ हातात पडतो. मधलं अक्षर एफ की एल ते काउंटरवरच वाचून घ्या.