फिल्टर बदललात? स्क्रू ड्रायव्हर जरा बाजूला ठेवा

एअर फिल्टर बदलला की ट्यूनिंग करायलाच पाहिजे, ही समजूत गिऱ्हाइकांपेक्षा आम्हा मेकॅनिक लोकांनीच जास्त पसरवली आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं दुचाकींचं गॅरेज आहे, तेव्हा घरचाच आहेर समजा. "काका, नवा फिल्टर टाकलाय, तेवढं मिश्चर बघा की," म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण लावा, असं कोणी म्हणालं की मी आधी साइड पॅनेल उघडतो. कारण कुणी कंपनीच्या कागदी फिल्टरच्या जागी तसाच नवा बसवलेला असतो. कुणी फिल्टरचा डबा तसाच ठेवून आत तेल लावलेला कॉटनचा फिल्टर घातलेला असतो. आणि कुणी अख्खा डबाच काढून हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या तोंडाला कोन फिल्टर आवळलेला असतो. पहिल्याला ट्यूनिंग नको. दुसऱ्याला बहुतेक वेळा नको. तिसऱ्याला हवंच, आणि ते नुसता मिश्चरचा स्क्रू फिरवून होत नाही.

पहिल्याचं आधी उरकू. कंपनीने जेटचा (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याचा) नंबर ठरवला तो चांगल्या, स्वच्छ फिल्टरवर. नवा फिल्टर घालून तुम्ही गाडी शोरूममधून निघाली तिथे परत नेता, एवढंच. शिवाय बऱ्याच गाड्यांत हवा अडते ती कागदात नाही, डब्याच्या अरुंद तोंडात. ते तोंड आहे तसंच असेल तर इंजिनला फार जादा हवा मिळणार कुठून?

तरीही फिल्टर बदलल्यावर गाडी मिसिंग करू लागली, असं होतं. तेव्हा स्क्रूला हात लावायच्या आधी बसवणी तपासा. डब्याच्या झाकणाचं रबर दुमडलंय का, कार्बोरेटरच्या मागचं रबर पुरतं चढलंय का, क्लिप आवळलीय का, डब्याला येणारी ब्रीदरची (इंजिनमधली वाफ आणणारी) नळी परत लावली का. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबराला चीर असेल तर गाडी स्लोवर (मूठ सोडलेली असताना) रेस धरून ठेवते, सोडली तरी पटकन खाली येत नाही. त्या रबरावर साबणाचं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर हवा तिथूनच ओढतेय. डब्याकडच्या रबरातून हवा येत असेल तर आवाजात फार फरक पडणार नाही, पण धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून रोज येणं-जाणं असेल, तर पिस्टन रिंगचं काय होतं ते मला विचारा.

एक सूचना मध्येच. होंडा-हिरोच्या बऱ्याच गाड्यांत कागदी फिल्टरला कारखान्यातूनच चिकट तेल लावलेलं असतं. तो काळपट दिसला म्हणून हवा मारून झटकू नका, त्याने कागद निकामी होतो. पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला बदलायचा, संपलं. स्पंजचा असेल तर मात्र रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, इंजिन ऑइलमध्ये बुडवून पक्का पिळून घालायचा. मुरगळून नाही, दाबून.

आणखी एक प्रकार नेहमी सापडतो. जुना फिल्टर चोंदलेला असताना गाडी पेट्रोल जास्त पिऊ लागते, मालक ॲव्हरेजची तक्रार घेऊन येतो, आणि कुणीतरी फिल्टर न उघडताच स्क्रू फिरवून पेट्रोल कमी करून देतो. पुढे फिल्टर बदलला की ती चोरी उघडी पडते, गाडी लीन चालते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. इथे नव्या ट्यूनिंगची गरज नसते, जुनं निस्तरावं लागतं. स्क्रू कंपनीच्या सेटिंगवर परत आणा.

दुसरा प्रकार, डबा तसाच आणि आत कॉटनचा फिल्टर. तो बसवा आणि आधी थोडी गाडी चालवा. तेल बेताने लावलेलं हवं. तेलाने निथळणारा फिल्टर हवा अडवतो आणि लोक म्हणतात जेट मोठा झाला. लीनची लक्षणं ओळखायला शिका: रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून पटपट फटाके, चौथ्या गिअरला एकसारख्या रेसवर झटके, गरम गाडी थोडा चोक ओढला की सुधारणं. हे शेवटचं फार कामाचं आहे. गाडी पूर्ण गरम झाल्यावर, थोड्या रेसवर, सरळ रस्त्यावर अर्धा चोक ओढा. गाडी खुलली तर पेट्रोल कमी पडतंय, घुसमटली तर पडत नाही. फटाके मात्र एकटे पाहून निर्णय घेऊ नका, सायलेन्सरच्या बेंडचं गॅस्केट गेलं असलं तरी तसेच वाजतात.

आता तिसरा, म्हणजे कोन फिल्टर. खरं सांगायचं तर मी तो घालूच नका म्हणतो. डबा म्हणजे रिकामी जागा नव्हे; कार्बोरेटरला शांत, स्थिर हवा मिळावी म्हणून तो असतो. कोन उघडा ठेवला की बाजूने येणारा वारा, मागच्या टायरचं पाणी, सगळं त्याच्या अंगावर. पावसाळ्यात गगनबावड्याला एक फेरी मारा, कळेल. पण पोरं ऐकत नाहीत, विशेषतः आरएक्स १०० वाली. टू-स्ट्रोकला तर हे खेळ महाग पडतात: लीन झाली की पिस्टन तापतो, आणि ऑइल पंप काढून तेल पेट्रोलमध्येच मिसळत असाल तर पेट्रोलबरोबर तेलही कमी जातं. मग घाटात मागचं चाक अचानक लॉक होतं.

तरी घातलाच असेल, तर रेसप्रमाणे भाग पाडून काम करा. मुठीच्या पहिल्या पावापर्यंत पायलट जेट (स्लोचा छोटा जेट) आणि मिश्चर स्क्रूचं राज्य, मधल्या भागात पेट्रोलच्या भोकात वर-खाली होणाऱ्या सुईचं, शेवटच्या पावात मेन जेटचं. त्रास कुठे होतो ते बघायला मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. नुसतं 'गाडी ओढत नाही' हे सांगून कुणालाच काही कळत नाही.

मेन जेटपासून सुरू करा, एका नंबरने वाढवत. मिकुनी कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये साधारण अडीच किंवा पाचच्या पायरीने नंबर चढतात. मिकुनी आणि केहिन यांचे नंबर एकमेकांत मिसळू नका. आकडा तोच असला तरी भोक तेच असेल असं नाही. आणि जेटमध्ये तार घालून भोक मोठं करणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. मेन जेट जमला की सुई. सुईची क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. बऱ्याच सीव्ही (हवेच्या ओढीने स्लाइड उचलणाऱ्या) कार्बोरेटरच्या सुईला खाचाच नसतात, तिथे सुईच्या डोक्याखाली पातळ वॉशर घालतात. स्लोचं काम सगळ्यात शेवटी.

स्क्रूबद्दल मात्र नीट वाचा, कारण इथे निम्मे लोक उलट फिरवतात. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. बाहेर सोडला की लीन. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा; बाहेर सोडला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. आधी हलक्या हाताने आत नेऊन किती आटे होते ते मोजून लिहून ठेवा, घट्ट आवळू नका, टोक मोडतं. मग गरम इंजिनवर जिथे रेस सगळ्यात वर जाते तिथे थांबवा आणि स्लोच्या (आयडलच्या) स्क्रूने रेस खाली आणा.

तपासायला मी वाघबीळचा चढ वापरतो, पन्हाळ्याच्या रस्त्यावरचा, मधल्या वारी सकाळी लवकर. रविवारी नाही, जोतिबाची गर्दी असते. नवा प्लग घालून चढावर पूर्ण रेस द्या, मग क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि बाजूला थांबून, थोडं निवल्यावर प्लग काढा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक म्हणजे लीन, काजळीचा काळा म्हणजे रिच. पण एक ध्यानात ठेवा: पन्हाळा समुद्रसपाटीपासून सुमारे ९७५ मीटरवर आहे. तिथे हवा विरळ, म्हणून गाडी आपसूक थोडी रिच चालते. वर कट टू कट बसवलेली गाडी करूळ घाटातून कोकणात उतरली की लीन होणार. तेव्हा चढावर किंचित रिचच सोडा.

आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आपल्याच भागातल्या उसाचंही त्यात असणार. एक किलो साधं पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर जुन्या बुलेट-स्प्लेंडर आधीच थोड्या लीन चालतात. त्यावर मोकळा फिल्टर घातला की तोच दोष वाढतो. पाच-दहा वर्षांपूर्वी चालून गेलेला जुगाड आज का चालत नाही, याचं एक कारण हे.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांचं वेगळं. एफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीच्या बेंडमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो, तो धुरातली हवा बघून ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो आणि पेट्रोल आपोआप कमी-जास्त होतं. डब्यातला फिल्टर बदलण्याएवढा फरक तो सहज सांभाळतो. पण पूर्ण रेसला ईसीयू सेन्सरचं ऐकणं सोडून ठरलेल्या तक्त्यावर चालतो. तिथे कोन फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर दोन्ही असतील तर पेट्रोल कमी पडू शकतं. मग पिगीबॅक (ईसीयूला जोडायचा जादा डबा) किंवा रिमॅप (ईसीयूतला तक्ता बदलणं), आणि तोही डायनोवर (गाडी जागेवर चालवून मोजायच्या यंत्रावर) मिश्रण मोजून करणाऱ्याकडून. 'मॅप टाकून देतो' म्हणणारे पुष्कळ आहेत. मोजणी कशी करणार ते विचारा, उत्तर नसेल तर निघा. वॉरंटीचा विषय आधी शोरूममध्ये बोलून घ्या.

मोजण्यावरून आठवलं. कार्बोरेटरच्या गाडीला स्वस्तातलं यंत्र पीयूसी सेंटरवर आहेच. फिल्टर बदलायच्या आधी आणि नंतर पावतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बघा. तो फक्त स्लोचा असतो, पण खूप खाली गेला तर गाडी लीन झाली, वर गेला तर रिच. निघालेला जुना जेट पिशवीत घालून सीटखाली ठेवा, पिशवीवर नंबर आणि स्क्रूचे आटे लिहून. पुढच्या मेकॅनिकला तेवढं मिळालं तरी त्याचा अर्धा दिवस वाचतो.